आळणी

मंगळवारी दुपारी वखारीची भिंत पडली.
आत तंबाखू निवडत बसलेल्या अकराजणी.
निपाणीत गल्ल्या काय कमी आहेत?
पण सगळ्या माने गल्लीतल्याच.

मयताच्या घरात चूल पेटत नाही.
शेजारीण बुट्टीत भाकरी घालून नेते, वर पिठलं,
आणि म्हणते, घे बाई, कडू घास तेवढा घे.
असंच चालत आलंय.
पण शेजारणीच्याही दारात शेणी धुमसत असल्या,
तिच्याही शेजारणीच्या,
तर बुट्टी कुणी उचलायची?

माझी खानावळ स्टँडच्या मागं.
बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी,
आज उधार नाही, हे दोन्हीत.
शटर ओढलं. ड्रायव्हर लोकांना म्हटलं,
आज दुसरीकडं बघा.

इराप्पा आचारी विचारतो, अक्का, किती पानं?
लग्नात विचारतो तसंच. दुसरा शब्द त्याच्याकडं नाही.
मी बोटं मोजते.
कोपऱ्यावरच्या घरात सहा होती,
आता पाच म्हणायचं, की
दवाखान्यातली धरून सहाच?
शेवंताच्या घरात दोघीच, मायलेकी,
निवडायलाही शेजारी शेजारी बसायच्या.
तिथलं पान?
म्हटलं, इराप्पा, मोजू नको. डेग भरून कर.

पदमण्णा शेटीनं तांदळाचं पोतं दिलं,
आणि कांद्याचं. स्वतः कांदा खात नाही,
गड्याकडनं उचलून रिक्षात ठेववलं.
डेग जैनुबीची, थोरल्याच्या लग्नातली,
काठावर त्याचं नाव ठोकलेलं.

रात्री आठला गल्लीत डेग उतरवली.
कुणी ताट घेऊन आलं नाही.
मग आम्हीच दारोदार.
'ऊटा माडरी,' इराप्पा म्हणायचा.
'दोन घास,' मी म्हणायची.
कुठल्या दाराला कुठली भाषा, भान नव्हतं.
जेवली माणसं. मान खाली घालून, भराभर,
औषध संपवावं तशी.

घरी येऊन तळातलं खरवडून तोंडात घातलं
तर आळणी.
मीठच नव्हतं.
त्याला वाटलं मी घातलं, मला वाटलं त्यानं.
साठ-सत्तर माणसं जेवली
आणि एकाच्याही तोंडातनं शब्द नाही.
भिंत पडली तेव्हा भ्याले नव्हते
तेवढी त्या रात्री भ्याले.

मग तहसीलदार आले, पुढारी आले,
बिस्किटांचे पुडे वाटून गेले.
कुणीतरी आधार कार्डाच्या झेरॉक्स मागितल्या,
गेलेल्यांच्यासुद्धा.
मी रोज आमटी दोनदा चाखायची.

सहाव्या दिवशी गोदूबाई.
थोरली सून गेलेली. स्वतः चाळीस वर्षं विडी वळून
बोटं कायमची पिवळी;
नेहमी म्हणायची, आमचा घास रोजचाच कडू गं,
राखेनं घासला तरी तंबाखू हात सोडत नाही.
तिनं आमटीत भाकरी बुडवली, चघळली, थांबली.
माझ्याकडं बघितलं.
'मालन,' म्हणाली, 'पाण्यात नुसती हळद घातलीयास.
खानावळ चालते कशी गं तुझी?'

इराप्पाचा डाव वरच्या वर राहिला.
मीठ बरोबर होतं. आईची आण, चाखलं होतं मी.
पण सांगणार होते होय?
'चुकलं, आजी,' म्हटलं.

ती उठली, गुडघ्यावर हात रोवून.
आत अंधारात डबे हलले,
एक पडला,
कुणाला तरी शिवी हासडली तिनं,
आणि मुठीत जाडं मीठ घेऊन बाहेर आली.
स्वतःच्या वाटीत टाकलं. नातवाच्या वाटीत.
उरलेलं, न विचारता, डेगेत.

पुढच्या दारातला पोरगा ओरडला, खारट झालंय!
त्याच्या पलीकडची बाई म्हणाली, गप जेव.

रात्री तळातलं खाल्लं मी.
फार खारट.
दोन तांबे पाणी प्याले.